काळ आणि वेळ : अपघातातून वाचलेल्या चालकाचे गणित

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील पेढ्यांवर सकाळच्या चहाबरोबर बाजारभावांच्या जोडीने आणखी एक वार्ता पुष्कळदा येऊन पोहोचते. रात्री कोठेतरी रस्त्यावर मोटार आदळली, तिचा पुढचा भाग पार चेपला, पाहणाऱ्यांनी आतील माणसाची आशा सोडली. आणि तेवढ्यात दार उघडून चालक बाहेर आला व त्याने प्यावयास पाणी मागितले. वार्ता सांगणारा शेवटी एकच वाक्य उच्चारतो, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.” ऐकणारे मान डोलावतात, चहा संपतो आणि वह्या उघडल्या जातात.

या म्हणीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठविला आहे, म्हणून आम्हांस तिच्याविषयी आदर आहे. परंतु व्यापाऱ्याचा स्वभाव असा की, नफा झाला तरी तो कोठून झाला हे पाहिल्यावाचून त्यास चैन पडत नाही. मग जीव वाचला हा तर सर्वांत मोठा नफा. त्याचा जमाखर्च का मांडू नये? शाळेत शिकलेले आणि पुढे विसरून गेलेले चार पदार्थविज्ञानाचे नियम हाताशी घेतले, तर हा हिशेब मांडता येतो आणि तो मांडताना त्या म्हणीतला एक निराळाच अर्थ हाती लागतो. त्या अर्थाचा परिचय आमच्या सभासद बंधूंस व त्यांच्या घरच्या मंडळींस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपला व्यापार रस्त्यावर उभा आहे. पांढुर्णा हे नागपूर-बैतूल मार्गावर आणि सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावर. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी आपला बाजार पूर्वीप्रमाणे नागपूरशीच जोडलेला आहे. संत्र्याच्या हंगामात येथून मालमोटारींची रांग लागते. कापूस, सरकी, किराणा व कापड यांची ये-जा वर्षभर चालते. त्याखेरीज लग्नकार्य, दवाखाना, मुलांचे शिक्षण, मुक्तागिरीची यात्रा, या सर्वांसाठी आपली कुटुंबे मोटारीनेच जातात. तेव्हा हा विषय केवळ विज्ञानाच्या वर्गातला आहे असे कोणी समजू नये.

संवेग म्हणजे देणे

१६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने गतीचे जे नियम मांडले, त्यांतील पहिला असा की, चालती वस्तू तिच्यावर बाहेरून बल लागल्यावाचून थांबत नाही. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर आत बसलेला माणूसही ५० किलोमीटर वेगानेच जात असतो. तो स्वस्थ बसला आहे, पान खात आहे किंवा झोपला आहे, यामुळे त्याचा वेग कमी होत नाही. मोटार भिंतीला लागून थांबली तरी माणूस त्या क्षणी थांबत नाही. तो ५० च्या वेगाने पुढे जातच राहतो आणि पुढे जे काही लागेल त्यावर आदळूनच थांबतो.

वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. आम्हांस हा संवेग देण्यासारखा वाटतो. मोटार चालू केली की आपण हे देणे डोक्यावर घेतो आणि थांबताना ते फेडतो. देणे बुडवता येत नाही. ते पुरतेपणी फेडावेच लागते. मात्र ते एकरकमी फेडावयाचे की हप्त्याहप्त्याने, एवढे आपल्या हाती असते. रोज आपण ब्रेक लावून मोटार थांबवितो तेव्हा हेच देणे पाचसहा सेकंदांत सावकाश फिटते आणि कोणास इजा होत नाही. भिंतीवर आदळल्यावर तेच देणे एका क्षणात वसूल होते. दोन्हींत रक्कम तीच, फरक मुदतीचा. ज्यास दहा हप्ते मिळाले तो तगला, ज्याच्याकडून सर्व एकदम मागितले गेले तो मोडला. सावकारीच्या व्यवहारात हे तत्त्व आपण जाणतोच. निसर्गाचा व्यवहारही याहून वेगळा नाही.

आपला हमाल हे तत्त्व पुस्तकावाचून जाणतो. वरून दिलेले पोते पाठीवर घेताना तो गुडघे किंचित वाकवितो आणि पोत्याबरोबर थोडा खाली जातो. ताठ उभा राहील तर त्याचे कंबरडे मोडेल. गुडघे वाकविल्याने पोत्याचे वजन कमी झाले नाही, पण ते थांबावयास वीतभर जागा आणि थोडा अधिक वेळ मिळाला. संत्र्याच्या पेटीत आपण गवत किंवा कागदाचे तुकडे घालतो ते तरी कशासाठी? गवताने फळ हलके होत नाही की गाडीचा धक्का कमी होत नाही. फळाला थांबण्यापूर्वी दोन बोटे जागा मिळते, आणि तेवढ्याने ते डागाळत नाही.

दहा क्विंटल की शंभर क्विंटल

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. उंचावरून पडणाऱ्या माणसास हा वेग सुमारे १० मीटर खाली आल्यावर येतो. म्हणजे या वेगाने भिंतीवर आदळणे हे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखेच आहे. गच्चीच्या कठड्यावरून आपण मुलांस दरडावून मागे ओढतो. आणि तीच मुले ५० च्या वेगाने चाललेल्या मोटारीत दोन आसनांच्या मध्ये उभी असतात, तेव्हा मात्र आपण काही बोलत नाही.

समजा ७० किलो वजनाचा माणूस पट्टा बांधून बसला आहे. मोटारीचा पुढचा भाग चेपत जातो, पट्टा किंचित ताणला जातो, आणि या सर्व मिळून त्यास थांबावयास ७० सेंटिमीटर जागा मिळते. वेगाचा वर्ग करून त्यास दुप्पट अंतराने भागावे, हा शालेय नियम लावला, तर त्याच्या शरीरावरील भार स्वतःच्या वजनाच्या १४ पट, म्हणजे जवळजवळ १० क्विंटल येतो. थांबण्यास एक दशांश सेकंद लागतो. १० क्विंटल हा काही थोडा भार नव्हे. छातीवर वळ उठेल, एखादी बरगडीही मोडेल. तथापि हा भार छाती, खांदा आणि कंबर यांच्या भक्कम हाडांवर वाटला जातो आणि माणूस बहुधा वाचतो.

आता तोच माणूस, तीच मोटार आणि तीच भिंत. फक्त पट्टा नाही. मोटार चेपत असताना तो पुढे जातच राहिला. मोटार थांबली तेव्हा तिच्या चेपण्याचा लाभ संपून गेला होता, आणि तो मात्र पूर्ण वेगाने स्टिअरिंगवर किंवा काचेवर गेला. तेथे त्यास थांबावयास ७ सेंटिमीटर जागा मिळाली असे धरू. जागा दहा पटीने घटली म्हणजे भार दहा पटीने वाढला : १० क्विंटलचे १०० क्विंटल झाले. वेळ एक दशांश सेकंदावरून एक शतांश सेकंदावर आला. आणि हा भार छातीवर वाटला न जाता कपाळावर किंवा मानेवर आला.

शरीरशास्त्राचे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. एका अपघातात टकरी तीन होतात. पहिली मोटारीची भिंतीशी, दुसरी माणसाची मोटारीशी आणि तिसरी माणसाच्या आतील अवयवांची त्याच्याच हाडांशी. मेंदू कवटीच्या आत, हृदय बरगड्यांच्या आत पुढे जातच असते. म्हणून बाहेरून खरचटलेलेही न दिसणारा माणूस आतून गंभीर जखमी असू शकतो. “मला काही झाले नाही” असे म्हणत उठलेल्या चालकास घरी न नेता आधी दवाखान्यात न्यावे, याचे कारण हेच.

हिशेब पडताळून पाहिलेली माणसे

हे सर्व कागदावरचे गणित आहे अशी शंका कोणी घेईल. पण काही माणसांनी ते स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले आहे.

अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन येथे अग्निबाणांनी ढकललेल्या, रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीत स्वतःस पट्ट्यांनी जखडून घेतले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि ती १.४ सेकंदांत थांबविण्यात आली. त्या क्षणांत त्यांच्या देहावर आलेला कमाल भार स्वतःच्या वजनाच्या ४६ पट होता. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले आणि काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले, पूर्ण बरे झाले आणि १९९९ साली वयाच्या ८९ व्या वर्षी निधन पावले. मधल्या काळात साध्या मोटारींत पट्टे असावेत म्हणून त्यांनी सतत आग्रह धरला. मानवी देह पुष्कळ सोसतो, फक्त त्यास नीट धरून ठेवावे लागते, हे त्यांनी सिद्ध केले.

दुसरा दाखला शर्यतीच्या चालकाचा आहे. १३ जुलै १९७७ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे डेव्हिड पर्ली या चालकाच्या मोटारीचा वेगनियंत्रक अडकून उघडाच राहिला, आणि ती ताशी १७३ किलोमीटर वेगाने धक्क्यावर जाऊन केवळ ६६ सेंटिमीटरांत थांबली. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. १७३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४८ मीटर, त्याचा वर्ग सुमारे २,३१०, त्यास ०.६६ च्या दुपटीने, म्हणजे १.३२ ने भागले की १,७५० येतात, गुरुत्वाच्या ९.८ ने भागले की सुमारे १७८ पट. या अपघाताचा जो आकडा सर्वत्र नोंदला गेला तो १७९.८ पट आहे. शाळेच्या वहीतील सूत्र एवढे खरे उतरते! पर्ली यांचे पाय, कंबर व बरगड्या अनेक ठिकाणी मोडल्या. परंतु अंगाला घट्ट आवळलेले पट्टे आणि तो भार तीन शतांश सेकंदाहूनही कमी काळ टिकला ही गोष्ट, यांमुळे जीव वाचला, आणि पुढे ते पुन्हा शर्यतीत उतरले.

ज्यांनी ही विद्या सामान्य माणसाच्या मोटारीत आणली, त्यांचाही उल्लेख करणे अवश्य आहे. बेला बॅरेनी या अभियंत्याने असे सुचविले की, मोटार सर्वत्र सारखीच कठीण नसावी. माणसे बसतात तो मधला भाग मजबूत असावा आणि पुढचा-मागचा भाग ठरवून चेपणारा असावा. या कल्पनेचे पेटंट १९५२ साली मर्सिडीज कंपनीस मिळाले आणि १९५९ सालच्या तिच्या मोटारीत ती प्रत्यक्षात आली. अपघातानंतर “पत्रा किती हलका लावला आहे” म्हणून आपण कंपनीस दोष देतो. पण तो पत्रा आपल्यासाठी चेपला, आपले हप्ते त्याने फेडले. त्याच १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी खांद्यावरून व कंबरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पण ते इतर कारखानदारांसही वापरावयास खुले ठेवले. व्यापारी म्हणून आम्हांस या गोष्टीचे विशेष वाटते. मक्तेदारीचा लाभ सोडून एका व्यापारी संस्थेने जगास दिलेली ही देणगी आज बहुतेक प्रत्येक मोटारीत आहे; आणि आपण तिच्यावर बसतो, ती बांधत मात्र नाही.

सूर्या नदीच्या पुलावरील धडा

आता मन विषण्ण करणारी एक घटना सांगितली पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी रविवारी दुपारी गुजरातेतील उदवाड्याहून मुंबईकडे परतणारी एक मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मोटार उत्तम बनावटीची होती. आत चौघेजण होते. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री हे मागील आसनावर होते. ते आणि त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे स्नेही असे दोघेही मृत्यू पावले. पुढे बसलेले दोघे, म्हणजे मोटार चालविणाऱ्या डॉक्टर महिला व त्यांचे पती, गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते असे पोलिसांनी सांगितले.

मोटार एक, वेग एक, कठडा एक. आणि पहिला आघात पुढच्या बाजूस. मागे बसलेला सुरक्षित असतो ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. वडीलधाऱ्यांस मानाने आपण मागेच बसवितो. येथे मात्र पुढचे वाचले आणि मागचे गेले. हे दैवाचे उफराटेपण नव्हे. पुढील माणसांना पट्टा आणि फुगलेल्या हवेच्या पिशव्या यांचा जो काही आधार होता, त्याने त्यांच्या थांबण्याची मुदत वाढविली. मागच्यांना अशी मुदत देणारे काहीच नव्हते. त्यांचे देणे एकरकमी वसूल झाले.

मोटारीच्या कंपनीने पोलिसांस दिलेल्या माहितीनुसार आघातापूर्वी काही सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि आघाताच्या वेळी ८९. या आकड्यांतूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ८९ च्या वेगात ७० किलोच्या माणसाच्या अंगी जी ऊर्जा असते, ती एक क्विंटलचे पोते सुमारे २२ मीटर उंचीवरून टाकल्यावर त्यात येईल इतकी असते. असे पोते आपल्या छातीवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर येऊन पडले तर काय होईल, हे सांगावयास नको. पट्टा न बांधता मागे बसलेला माणूस केवळ स्वतःस धोका करतो असे नव्हे. पुढे बसलेल्या आपल्याच मुलाच्या किंवा भावाच्या पाठीवर तो हे पोते टाकीत असतो. दुसरी गोष्ट ब्रेकची. वेग १०० वरून ८९ वर आला म्हणजे ११ टक्के कमी झाला. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती २१ टक्के कमी झाली. शेवटच्या क्षणी लागलेला ब्रेक वाया गेला असे कधीही म्हणू नये. कदाचित दोन जीव त्यानेही राखले असतील.

आणि हे दुःख एका घराचे नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता : ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. त्यांपैकी प्रत्येकजण पट्ट्याने वाचलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण किती घरांतील दिवे केवळ एका खटक्याच्या आळसाने विझले असतील, याचा विचार मनास अस्वस्थ करतो.

वेगाचे व्याज

वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. हे चक्रवाढ व्याजाहूनही कठोर आहे. पाहा : रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत, आणि समोरचे संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय येईपर्यंत एक सेकंद गेला. मग ६० च्या वेगाने जाणारी मोटार सुमारे ३७ मीटरांत थांबते, ८० ची ५८ मीटरांत आणि १०० ची ८४ मीटरांत. आता दोन मोटारी शेजारी-शेजारी चालल्या आहेत असे समजा. एक ८० ने, दुसरी १०० ने. ५८ मीटरांवर एक बैल आडवा आला. दोन्ही चालकांनी एकाच क्षणी ब्रेक लावले. ८० ची मोटार बैलापाशी येऊन थांबली. त्या ठिकाणी १०० च्या मोटारीचा वेग किती उरला असेल? पुष्कळजण २० म्हणतील. खरे उत्तर सुमारे ६८ आहे! वरचे २० किलोमीटर शेवटी ६८ होऊन वसूल होतात. आणि पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. १०० ऐवजी ८० ने गेल्यास एक तासाचा सव्वा तास होतो. पंधरा मिनिटांसाठी एवढे व्याज कोणता शहाणा व्यापारी देईल?

मालमोटारींचा हिशेब याहून मोठा आहे. छिंदवाड्याच्या रस्त्यावरील सिल्लेवानीचा घाट आपल्यांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. २० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा तिची ऊर्जा कोठेतरी जावी लागते. ती सर्व ब्रेकवर टाकली, तर ६० लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता तेथे तयार होते. ब्रेक तापले की पकड सोडतात. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट चढताना लागणाऱ्या गिअरमध्येच घाट उतरतो आणि इंजिनास ओढ धरावयास लावतो. पाच टन माल अधिक भरणारा मालक त्या ड्रायव्हरच्या ब्रेकवर आणखी पंधरा लिटरचा हंडा ठेवतो आणि भाड्यात झालेल्या बचतीचा हिशेब घरी बसून करतो.

माल बांधण्याचेही तेच. रुईची गाठ १७० किलोची असते. गाडी एकदम थांबली तर न्यूटनचा पहिला नियम गाठीसही लागू होतो. ती ड्रायव्हरच्या केबिनकडे निघते. दोर आवळण्यास लागणारी दहा मिनिटे ड्रायव्हरच्या पाठीच्या कण्याची किंमत आहे, असे समजून ती द्यावीत.

जेथे पट्टाही हतबल होतो

पट्टा बांधला की मृत्यू टळला, असे आम्ही सांगितले तर ते खोटे होईल. बाजूने धडक बसली तर मध्ये चेपावयास जागा थोडी असते. समोरून अवजड गाडी आली तर हलकी मोटार नुसती थांबत नाही, मागे ढकलली जाते. आणि सर्वांत भयंकर म्हणजे रात्री रस्त्याच्या कडेस बिनदिव्याची उभी असलेली मालमोटार. मागून येणाऱ्या मोटारीचा चेपणारा भाग तिच्या खाली निघून जातो. तो चेपलाच जात नाही, आणि मालमोटारीची फळी थेट काचेच्या उंचीवर येते. अभियंत्यांनी मोठ्या कष्टाने राखून ठेवलेली जागा वापरलीच जात नाही. म्हणून मालमोटारीच्या मागे खाली बसविलेला आडवा लोखंडी दांडा, मागील दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या या शोभेच्या वस्तू नव्हेत. आपल्यांपैकी ज्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांच्या हाती कोणा अनोळखी कुटुंबाची ती अर्धा मीटर जागा आहे.

हवेच्या पिशवीविषयीही एक गैरसमज आहे. ती पापणी लवण्याच्या आत फुगते, पण ती पट्ट्याची सोबतीण आहे, सवत नव्हे. पट्टा नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो आणि तीच त्यास इजा करू शकते.

आमची विनंती

घरच्या भगिनींस आमचे एक विशेष सांगणे आहे. तान्हे मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित, ही भावना स्वाभाविक आहे. घरात ती खरीही आहे. पण मोटारीत गणित वेगळे होते. १० किलोचे मूल, ५० चा वेग आणि वर सांगितलेली १४ पट : आईच्या हातांवर क्षणार्धात जवळजवळ दीड क्विंटल भार येतो. जगात कोणत्याही आईच्या मायेत कमतरता नाही, पण कोणत्याही आईच्या हातांत एवढे बळ नाही. मुलांसाठी मिळणारे वेगळे आसन मागे बांधावे आणि मुलास त्यात बसवावे. चार दिवस ते रडेल. मग त्यास सवय होईल.

कायद्याने पुढील आणि मागील अशा दोन्ही आसनांवर पट्टा आवश्यक आहे. न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. परंतु चौकीजवळ आल्यावर पट्टा ओढून धरावयाचा आणि चौकी मागे पडल्यावर सोडावयाचा, हा व्यवहार पोलिसाशी चालेल. भिंतीशी चालणार नाही. तिला तडजोड माहीत नाही. लग्नाच्या गर्दीत सात-आठ माणसे एका मोटारीत बसविताना, मागील काचेखाली पितळी डबे ठेवताना, रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरास “निघ, सकाळी बाजार गाठायचा आहे” असे म्हणताना, या हिशेबाची आठवण ठेवावी. पेंगलेल्या ड्रायव्हरचा एक सेकंद दोन सेकंदांचा होतो, आणि ८० च्या वेगात तो एक जादा सेकंद म्हणजे २२ मीटर रस्ता.

आता आरंभीच्या म्हणीकडे वळू. आपल्या भाषेत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘ती वेळ’ म्हणजे नेमलेली घटका. ‘तो वेळ’ म्हणजे अवधी. “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,” असे आपण म्हणतो तेव्हा स्त्रीलिंगी वेळेचे बोलतो. ती कोणाच्या हाती आहे, याची चर्चा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या चेपलेल्या मोटारीतून उतरून पाणी मागणाऱ्या चालकास पुल्लिंगी वेळही मिळाला होता : एक शतांश सेकंदाऐवजी एक दशांश सेकंद. तो त्यास चेपलेल्या पत्र्याने दिला, ताणलेल्या पट्ट्याने दिला, शेवटच्या क्षणी दाबलेल्या ब्रेकने दिला, आणि घरून निघताना खांद्यावरून ओढलेल्या हाताने दिला. पहिली वेळ दैवाधीन असेल. दुसरा वेळ आपल्या स्वाधीन आहे.

पेढीवर पुन्हा अशी वार्ता आली, तर म्हण अवश्य म्हणावी. मात्र तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही विचारावा : “पट्टा बांधला होता का?” आणि संध्याकाळी स्वतःच्या मोटारीत बसताना, मागच्या आसनावरील वडिलांकडे वळून, तोच प्रश्न नम्रपणे पुन्हा विचारावा.